परवान्याला पैसा, माणसांची वानवा

छत्रपती संभाजीनगरच्या क्रांती चौकात उभे राहिले की शहराचा बराचसा कारभार हाकेच्या अंतरावर असल्याची जाणीव होते. एका अंगाला जिल्हा न्यायालयाकडे नेणारा अदालत रोड, दुसऱ्या अंगाला जालना रोडवरील बँका आणि विमा कंपन्यांच्या कचेऱ्या. १८५७ च्या उठावातील ज्या शिपायांना येथे देहान्त शासन झाले, त्यांच्या स्मरणाने या चौकाला हे नाव मिळाले. गेल्या दोन दशकांत चौकाभोवतीच्या कचेऱ्यांतून आणखी एक उलथापालथ होऊन गेली. तिचा मात्र फारसा गाजावाजा झाला नाही. पुढील तारीख कोणती हे कळावे म्हणून वैजापूरच्या किंवा पैठणच्या पक्षकाराला पूर्वी वकिलाच्या कारकुनाची मनधरणी करावी लागे. आता ती तारीख त्याच्या हातातील फोनवर दिसते. पैसे काढण्यासाठी स्वतःच्याच शाखेत जाण्याचे बंधन खातेदारावर उरलेले नाही.

या सोयींच्या मागे एक यंत्रणा अहोरात्र राबत असते आणि ती नागरिकाच्या दृष्टीस कधीच पडत नाही. तिला ॲप्लिकेशन सर्व्हर म्हणतात. हा सर्व्हर एखाद्या कंपनीकडून परवाना-शुल्क भरून घ्यावा, की मुक्त स्रोताचा, म्हणजे ज्याची संहिता सर्वांना खुली आहे असा वापरावा, हा वाद संगणकतज्ज्ञांच्या वर्तुळात पंचवीस वर्षे चालू आहे. तो तज्ज्ञांचा वाद म्हणून बाजूला ठेवण्याची आपल्याकडे प्रथा पडली आहे. परंतु नगरपालिका, न्यायालये, विद्यापीठे आणि सहकारी बँका यांच्या निविदांतून याच वादाचा निकाल दरवर्षी लागत असतो आणि त्याचे बिल करदात्याला, विद्यार्थ्याला व ठेवीदाराला भरावे लागते. तेव्हा हा वाद समजून घेणे हे त्यांचेही काम ठरते.

ज्यांनी तहसील कचेरी पाहिली आहे, त्यांना ॲप्लिकेशन सर्व्हर म्हणजे काय हे सांगणे अवघड नाही. खिडकीशी अर्जदार उभा असतो, आत दप्तरखाना असतो आणि दोहोंच्या मध्ये अव्वल कारकून बसलेला असतो. अर्ज नियमात बसतो की नाही हे तो पाहतो, दप्तरखान्यातून योग्य ती संचिका मागवतो, एकच संचिका एकाच वेळी दोघांच्या हाती पडणार नाही याची दक्षता घेतो आणि नोंद अर्धवट राहू देत नाही. शंभर अर्जदार एकदम आले तरी कोणाला किती वेळ थांबवायचे हेही तोच ठरवतो. संगणकाच्या जगात खिडकी म्हणजे आपला फोन किंवा पडदा. दप्तरखाना म्हणजे डेटाबेस. आणि ॲप्लिकेशन सर्व्हर म्हणजे हा अव्वल कारकून. एका खात्यातून रक्कम वजा झाली आणि दुसऱ्यात जमा होण्यापूर्वी वीज गेली, तर पहिली नोंद रद्द करून हिशेब पूर्ववत करणे हे त्याच्याच देखरेखीखाली घडते.

अशा कारकुनांचे दोन घराणे आहेत. आयबीएमचे वेबस्फिअर आणि ओरॅकलचे वेबलॉजिक ही पहिल्या, म्हणजे व्यापारी घराण्यातील ठळक नावे. दुसऱ्या घराण्यात टॉमकॅट आहे; सन कंपनीने १९९९ मध्ये आपली संहिता अपाची या ना-नफा प्रतिष्ठानाच्या हवाली केली, त्यातून तो वाढला. त्याच सुमारास सुरू झालेला जेबॉस आज वाइल्डफ्लाय या नावाने ओळखला जातो. टॉमकॅट हलका आहे. वेबपृष्ठे आणि अर्ज हाताळण्याचे काम तो चोख करतो, पण अनेक डेटाबेसमध्ये पसरलेला एकच व्यवहार सांभाळण्याची किंवा संदेशांच्या रांगा चालवण्याची सोय त्यात मुळात नाही. तेथे वाइल्डफ्लायसारखा भारदस्त सर्व्हर लागतो. महाविद्यालयाची प्रवेशप्रक्रिया, पालिकेची घरपट्टी, पतसंस्थेचे हप्ते अशा कामांना मात्र हलका कारकून पुरेसा होतो. त्यासाठी व्यापारी घराण्यातला भारदस्त सर्व्हर मागवणे म्हणजे पोस्टकार्ड टाकण्यासाठी मालमोटार भाड्याने घेणे होय.

मालमोटारीचे भाडे किती, हेही पाहणे उचित ठरेल. ओरॅकलच्या प्रसिद्ध दरपत्रकात वेबलॉजिकच्या एंटरप्राइझ आवृत्तीचा भाव दर प्रोसेसरमागे २५,००० डॉलर असा राहिलेला आहे. प्रोसेसर मोजण्याची रीतही कंपनीचीच. नेहमीच्या इंटेल यंत्रांत दोन कोअर मिळून एक प्रोसेसर धरला जातो. मध्यम आकाराच्या संस्थेने प्रत्येकी १६ कोअरची दोन यंत्रे घेतली, तर १६ प्रोसेसरांचे ४ लाख डॉलर होतात. डॉलरला ८५ रुपये धरले तरी ही रक्कम ३ कोटी ४० लाख रुपये भरते. त्यावर देखभालीसाठी दरसाल २२ टक्के, म्हणजे सुमारे ७५ लाख. पाच वर्षांत देखभालीचाच आकडा मूळ किमतीच्या पुढे जातो. घासाघीस करून मोठी सवलत मिळते हे खरे. पण सवलत कोणाला किती, हे विकणारा ठरवतो, आणि ज्याला दुसरा पर्याय ठाऊक नाही त्याला ती कमीच मिळते.

याहून बोलका प्रकार जानेवारी २०२३ मध्ये घडला. हे सारे सर्व्हर ज्या जावा भाषेवर चालतात, तिच्या आपल्या आवृत्तीचे शुल्क ओरॅकलने वापरणाऱ्यांच्या संख्येवर न आकारता संस्थेतील एकूण कर्मचाऱ्यांच्या संख्येवर आकारण्यास आरंभ केला. हजाराच्या आतील संस्थेला दरमहा दरडोई १५ डॉलर. या डोक्यांत अर्धवेळ आणि हंगामी कर्मचारी येतात, संस्थेच्या कामाला लावलेले कंत्राटदारही येतात. तीनशे माणसांच्या संस्थेने हा दर मान्य केला तर तिला वर्षाला ५४,००० डॉलर, म्हणजे सुमारे ४६ लाख रुपये मोजावे लागतील. मग त्यातील शिपायाने आणि माळ्याने आयुष्यात संगणकाला हात लावला नसला तरी चालेल. जिझियाही माणशीच होता, पण त्यातून काहींना सूट मिळत असे! वस्तुतः जावाची मुक्त आवृत्ती कोणालाही विनामूल्य मिळते आणि नेहमीच्या कामात ती कोठेही उणी पडत नाही. परंतु हे ठाऊक असणारा माणूस कचेरीत असावा लागतो.

व्यापारी पक्षाचे म्हणणे अगदीच टाकाऊ आहे असे मात्र नव्हे. बँकांच्या मुख्य व्यवहारप्रणाली ज्या कंपन्या बनवतात, त्या कोणत्या सर्व्हरवर आपली आज्ञावली चालवून पाहिली हे लेखी देतात. ती यादी सोडून दुसरा सर्व्हर वापरला आणि काही बिघडले, तर कंपनी हात झटकणार. रात्री दोन वाजता बंद पडलेली प्रणाली सकाळी दहाच्या आत चालू व्हायलाच हवी असेल, तर ज्याच्याशी करार आहे असा कोणी दूरध्वनीच्या दुसऱ्या टोकाला असणे बँकेच्या व्यवस्थापकाला हवेसे वाटणारच. अनेक यंत्रांवर भार वाटून घेण्याची व एक यंत्र कोसळले तर दुसऱ्याने काम उचलण्याची व्यवस्था या सर्व्हरांत वर्षानुवर्षे कसाला लागलेली आहे. मोठ्या बँकेने या कारणांसाठी पैसे मोजले तर तिला दोष देता येणार नाही.

तथापि ‘कोणीतरी जबाबदार आहे’ या समाधानाची किंमत मोजण्यापूर्वी करारनामा एकदा वाचलेला बरा. बहुतेक परवाना-करारांत कंपनीची जबाबदारी फार तर भरलेल्या शुल्काइतकी मर्यादित केलेली असते; बुडालेल्या धंद्याची आणि गेलेल्या पतीची भरपाई त्यात बसत नाही. आणि कंपनीला उद्या त्या वस्तूत रस उरला नाही, तर ग्राहकाचे काय होते?

याचे उत्तर एकाच मालकाच्या दोन उत्पादनांतून मिळते. ओरॅकलचा स्वतःचा एक ॲप्लिकेशन सर्व्हर होता. ओसीफोरजे हे त्याच्या गाभ्याचे नाव. २००८ मध्ये ओरॅकलने बीईए ही कंपनी सुमारे साडेआठ अब्ज डॉलरना विकत घेतली, ती मुख्यतः वेबलॉजिकसाठी. त्यानंतर पुढचा मार्ग वेबलॉजिकचाच असे जाहीर झाले आणि ज्यांनी ओसीफोरजेवर आपला कारभार उभारला होता त्यांना बिऱ्हाड हलवण्याची तयारी करणे भाग पडले. पैसे त्यांनी चुकते केले होते, करारही होता. पण संहिता बंद कुलपात होती. दोन वर्षांनी सन कंपनीही ओरॅकलच्या ताब्यात आली आणि तिच्याबरोबर ग्लासफिश हा मुक्त स्रोताचा सर्व्हर आला. नोव्हेंबर २०१३ मध्ये ओरॅकलने त्याचा व्यापारी पाठिंबा थांबवत असल्याचे सांगितले. येथेही मालकाचा रस संपला होता. मात्र संहिता खुली असल्याने इतरांनी ती हाती घेतली, पायारा या नावाने तिच्या आधारे आणखी एक सर्व्हर पुढे आला, मूळ ग्लासफिशही नंतर एक्लिप्स प्रतिष्ठानाकडे गेला आणि त्याच्या नव्या आवृत्त्या निघत राहिल्या. मालक तोच आणि निर्णयही त्याच धाटणीचा; परिणाम मात्र भिन्न झाला. या वादातील खरा मुद्दा किमतीचा नसून येथे आहे. किल्ली कोणाजवळ आहे?

किल्ली दुसऱ्याजवळ असण्याचा अर्थ मुंबईतील एका कंपनीने जुलै २०२५ मध्ये अनुभवला. रशियन भागीदारी असलेल्या नायरा एनर्जी या तेलकंपनीवर युरोपीय संघाने निर्बंध घातले आणि मायक्रोसॉफ्टने तिच्या सेवा बंद केल्या. निर्बंध भारताचे नव्हते, शुल्क थकलेले नव्हते, तरीही कंपनीला स्वतःच्याच माहितीपर्यंत पोहोचता येईना. तिने दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतली आणि काही दिवसांत सेवा पूर्ववत झाल्या. हा प्रसंग ॲप्लिकेशन सर्व्हरचा नव्हे, हे ध्यानात ठेवले पाहिजे. स्वतःच्या यंत्रावर बसवलेला परवान्याचा सर्व्हर असा एका क्षणात बंद पडत नाही. परंतु त्याच्या दुरुस्त्या आणि पाठिंबा थांबू शकतो, आणि दुरुस्तीविना सर्व्हर म्हणजे कुलूप नसलेले दार. मोठ्या तेलकंपनीपाशी दिल्लीत वकील उभे करण्याचे बळ होते. एखाद्या जिल्हा बँकेने काय केले असते?

येथवर वाचून कोणी म्हणेल की मग सारेच मुक्त स्रोतावर न्यावे आणि मोकळे व्हावे. नेमक्या याच टप्प्यावर आपल्याकडच्या संस्था घसरतात. ‘मुक्त’ या शब्दाचा अर्थ त्या ‘फुकट’ असा लावतात. अर्थसंकल्पातून परवान्याची रक्कम काढून टाकली जाते, बचत झाली म्हणून पाठ थोपटून घेतली जाते आणि सर्व्हर बसवून देणारा कंत्राटी मुलगा सहा महिन्यांनी पुण्याला निघून जातो. मागे उरलेल्यांना पासवर्डदेखील ठाऊक नसतो.

याचे परिणाम कल्पनेतले नाहीत. अमेरिकेतील इक्विफॅक्स या पतमापन संस्थेतून २०१७ मध्ये सुमारे १४ कोटी ७० लाख लोकांची माहिती चोरीस गेली. स्ट्रट्स या मुक्त स्रोताच्या साधनातील एका छिद्रातून चोर आत शिरले. ते छिद्र बुजवणारी दुरुस्ती मार्चमध्येच प्रसिद्ध झालेली होती आणि कोणालाही विनामूल्य मिळत होती. ती बसवली गेली नाही इतकेच. आपल्याकडे जुलै २०२४ च्या अखेरीस सी-एज या कंपनीच्या यंत्रणेवर खंडणीखोरांचा हल्ला झाला आणि तिच्यावर अवलंबून असलेल्या सुमारे तीनशे लहान बँकांना, म्हणजे सहकारी आणि ग्रामीण बँकांना, देशाच्या देयक-जाळ्यापासून तात्पुरते तोडावे लागले. क्लाउडसेक या सुरक्षा-कंपनीने केलेल्या छाननीनुसार हल्ल्याची सुरुवात एका पुरवठादाराकडील जेनकिन्स या मुक्त स्रोताच्या सर्व्हरपासून झाली; त्याची मांडणी सदोष होती. ज्या त्रुटीचा उल्लेख या छाननीत आहे, ती जानेवारी २०२४ पासून जगजाहीर होती. खेड्यातल्या ज्या खातेदाराचे पैसे त्या दिवशी अडकले, त्याला मुक्त स्रोताचा सिद्धांत सांगून उपयोग नव्हता.

मात्र यावरून व्यापारी सर्व्हर सुरक्षित असतो असा निष्कर्ष काढणे म्हणजे चोर सोडून संन्याशाला सुळी देणे होईल. वेबलॉजिकमधील एका गंभीर त्रुटीची दुरुस्ती ऑक्टोबर २०२० मध्ये निघाली आणि काही दिवसांतच ती न बसवणाऱ्यांच्या यंत्रांवर हल्ले सुरू झाले. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे या नोंदी ठेवणाऱ्या छोट्याशा मुक्त साधनातील भगदाडाने जगभर हाहाकार उडाला, तेव्हा व्यापारी कंपन्यांच्या महागड्या उत्पादनांतही तेच साधन बसलेले आढळले. ते साधन सांभाळणारे मूठभर लोक बव्हंशी स्वयंसेवक होते. अब्जावधींचा धंदा करणाऱ्या कंपन्या वर्षानुवर्षे त्यांच्या श्रमावर उभ्या होत्या, ही गोष्ट त्या धंद्याला शोभादायक नाही. दोन्ही घराण्यांत दुरुस्ती वेळेवर बसवणारा माणूस असेल तरच कारकून शहाणा राहतो.

आता पुन्हा अदालत रोडकडे वळणे सोयीचे होईल, कारण आपल्या देशात हा प्रश्न मोठ्या प्रमाणावर आणि बऱ्याच अंशी यशस्वीपणे सोडवला गेला तो न्यायालयांत. २००७ मध्ये सुरू झालेल्या ई-न्यायालय प्रकल्पाने मुक्त स्रोताचा मार्ग धरला. न्यायाधीशांच्या संगणकांवर उबुंटू लिनक्स आले आणि खटल्यांच्या नोंदींची प्रणाली मुक्त साधनांवर उभी राहिली. तालुक्याच्या न्यायालयापासून जिल्हा न्यायालयापर्यंत एकच प्रणाली, आणि तिच्यावर आधारलेली राष्ट्रीय आकडेवारी २०१५ पासून सर्वांना पाहता येते. किती खटले किती वर्षे पडून आहेत हे एखादा विद्यार्थीही पाहू शकतो. न्यायाला होणारा विलंब त्यामुळे संपलेला नाही, पण तो लपून राहत नाही.

हे साधले कशामुळे? परवाना-शुल्क वाचल्यामुळे नव्हे. ही प्रणाली पुण्यातील राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राच्या अभियंत्यांनी बनवली आणि तीच संस्था ती सांभाळत आली. हे केंद्र १९७६ पासूनचे आहे. त्याच्यापाशी कायम नेमणुकीची माणसे आहेत आणि जिल्ह्याजिल्ह्यांत कचेऱ्या आहेत. एखाद्या राज्याच्या कार्यपद्धतीत वेगळेपण निघाले, तर परदेशी कंपनीकडे अर्ज करून भाव विचारावा लागला नाही. संहिता उघडून ती बदलता आली. मुक्त स्रोताबरोबर येथे पदे होती, पगार होता, आणि कामाची स्मृती सांभाळणारी संस्था होती. सप्टेंबर २०२३ मध्ये या प्रकल्पाच्या तिसऱ्या टप्प्यासाठी केंद्राने ७,२१० कोटी रुपये मंजूर केले. मुक्त स्रोत म्हणजे बिनपैशाचे काम असे समजणाऱ्यांनी या आकड्याकडे नीट पाहावे.

याउलट नगरपालिका, जिल्हा परिषदा, विद्यापीठे आणि मध्यम सहकारी बँका यांची सर्वसाधारण स्थिती काय आहे? यंत्रांना निधी मिळतो, परवान्यांना मिळतो, उद्घाटनालाही मिळतो. प्रणाली-प्रशासकाचे पद मात्र मंजूर होत नाही, आणि झाले तर भरले जात नाही. लेखापरीक्षकाला यंत्राची पावती दाखवता येते. माणसाने वेळेवर दुरुस्ती बसवल्यामुळे जो घोटाळा झालाच नाही, त्याची पावती कोण देणार? म्हणून खर्च वस्तूवर होतो आणि ज्ञान बाहेरच राहते. आडातच नाही तर पोहऱ्यात कोठून येणार, या न्यायाने मग प्रत्येक बिघाडाला कंत्राटदाराचा धावा करणे आले.

भारत सरकारने मार्च २०१५ मध्ये मुक्त स्रोताच्या स्वीकाराचे धोरण जाहीर केले. सरकारी कामात मुक्त स्रोताला अग्रक्रम द्यावा आणि पुरवठादाराने तो टाळला तर त्याचे समर्थन द्यावे, अशी त्यात तरतूद आहे. धोरण चांगले आहे. पण समर्थन तपासणार कोण? ज्या कचेरीत सर्व्हरांची तुलना करू शकणारा एकही माणूस नाही, तेथे कंत्राटदाराने लिहिलेली चार वाक्ये संचिकेला लागतात आणि विषय मिटतो. निविदेतील तांत्रिक अटी अशा लिहिल्या जातात की उत्पादनाचे नाव न घेताही ते एकच उत्पादन त्यात बसावे. जावाच्या जगात सर्व्हरांसाठी सामाईक प्रमाण आहे. त्याचे पालन करून लिहिलेली आज्ञावली एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर बऱ्याच सुकरतेने नेता येते. पण कंपनीच्या खास सोयी वापरल्या की हे स्वातंत्र्य गळून पडते. निविदेत मागणी करायची तर ती याची करावी: आज्ञावली त्या प्रमाणाबाहेर जाणार नाही, तिची संहिता व कागदपत्रे संस्थेच्या ताब्यात येतील आणि संस्थेच्या दोन कर्मचाऱ्यांना ती चालवता येईपर्यंत शेवटचा हप्ता दिला जाणार नाही.

हे दोन कर्मचारी आणायचे कोठून, हा प्रश्न या शहराने तरी विचारू नये. १९६० पासूनचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय येथे आहे, विद्यापीठाच्या परिसरात नाइलिटसारखी केंद्रीय संस्था आहे, खाजगी महाविद्यालये आहेत. दरवर्षी येथून बाहेर पडणारे शेकडो पदवीधर हिंजवडीच्या गाड्या पकडतात. टॉमकॅट किंवा वाइल्डफ्लाय शिकण्यासाठी विद्यार्थ्याला कोणाची परवानगी लागत नाही. घरच्या जुन्या संगणकावरही ते चालतात आणि त्यांची संहिता वाचता येते. वेबलॉजिकवरही सराव करता येतो, पण त्याच्या आतले पाहता येत नाही. कोट्यवधींच्या परवान्याऐवजी त्याच्या एका वर्षाच्या देखभालीच्या रकमेतून एखादी संस्था पाच-सहा अभियंत्यांना मानाचा पगार देऊ शकेल, आणि तो पैसा याच शहरात राहील.

मुक्त स्रोताच्या वाटेवरही वळणे आहेत. २०१७ मध्ये ओरॅकलने जावाचे हे प्रमाण एक्लिप्स प्रतिष्ठानाकडे सोपवले, परंतु नावावरील हक्क सोडले नाहीत. परिणामी २०२० च्या आवृत्तीपासून संहितेतील ‘जावाएक्स’ हे उपपद या प्रमाणापुरते काढून तेथे ‘जकार्ता’ लिहिणे आले, आणि टॉमकॅट ९ वर सुखाने चालणाऱ्या आज्ञावल्या फेरबदलाशिवाय टॉमकॅट १० वर चालेनाशा झाल्या. टॉमकॅट ९ चा पाठिंबा ३१ मार्च २०२७ रोजी संपेल अशी मुदत जाहीर झालेली आहे. योगायोगाने वाळूज-चिकलठाण्याच्या औद्योगिक पट्ट्यासारख्या ठिकाणी मोठ्या कारखान्यांना ठाऊक असलेल्या एसएपीच्या जुन्या प्रणालीची नेहमीची देखभालही २०२७ च्या अखेरीपर्यंतचीच आहे. पुढची काही वर्षे जादा शुल्क भरून मिळते. कारखान्यांनी त्यासाठी सल्लागार नेमले, कारण तेथे एक दिवस उत्पादन थांबले तर हिशेब लगेच दिसतो. पालिकेच्या आणि महाविद्यालयाच्या ज्या प्रणाली टॉमकॅट ९ किंवा त्याहून जुन्या आवृत्तीवर बसवलेल्या आहेत, त्यांची यादी तरी कोणत्या कचेरीत तयार आहे, आणि ती करण्याचे काम कोणत्या टेबलाकडे सोपवलेले आहे?